शेजारचा ब्रेक

सिग्नल सुटायला अजून बारा सेकंद होते. चाकामागे बसलेल्या शिंपीणबाई पहिला गिअर कुठे असतो ते ओठांतल्या ओठांत घोकत होत्या, आणि तेवढ्यात गाडी बोलली. पडद्यावर लाल त्रिकोण उमटला आणि एक गोड, तुपात घोळलेला बायकी आवाज म्हणाला, "या महिन्यात आपण चारशे अकरा वेळा जोरात ब्रेक दाबला आहे. आपली गाडी चालवण्याची पद्धत धोकादायक आहे. कृपया काळजी घ्या." चटका बसावा तसे शिंपीणबाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. "अगं बाई! मी काय केलं? मी तर आज तिसऱ्यांदाच बसतेय." शेजारच्या सीटवर गाडी शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. तुम्हाला नाही, मला म्हणतेय ती, असं त्यांना म्हणता आलं असतं. "जुनं काहीतरी बरळतेय. तुम्ही क्लच दाबा," एवढंच त्या म्हणाल्या. सिग्नल सुटला, गाडी दोन गचके खाऊन बंद पडली, मागच्यांनी हॉर्नचा कलकलाट केला, आणि बाईंच्या कानात मात्र तो तुपाळ आवाज तसाच घुमत राहिला. धोकादायक. बावीस वर्षं त्या लोकांना गाडी शिकवत होत्या. दीड-दोन हजार माणसं त्यांच्या हाताखालून या शहराच्या रस्त्यांवर सुखरूप उतरली होती. आणि आता त्यांच्याच विद्यार्थिनीच्या देखत वहीएवढा एक पडदा त्यांना सांगत होता की तू धोकादायक आहेस. तळपायाची आग मस्तकात गेली असं लोक म्हणतात. बाईंची तर खरोखरच तळपायातून निघाली, कारण ते चारशे अकरा ब्रेक त्याच पायाने दाबले होते.

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा एक ब्रेक असतो. स्टिअरिंग शिकणाऱ्याचं, गिअर शिकणाऱ्याचा, आरसे शिकणाऱ्याचे. शिकवणाऱ्याकडे फक्त तोंड आणि तो एक ब्रेक. बाई नोकरीला लागल्या तेव्हा शाळेचे थोरले मालक हयात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाय ब्रेकवर टेकवायचा नाही आणि खालीही टेकवायचा नाही. बोटभर वर धरायचा." तो बोटभर वर धरलेला पाय दिवसाचे सहा तास, आठवड्याचे सहा दिवस. बाईंची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झाली होती आणि लाकडासारखी टणक. कधीकधी झोपेतही तो पाय अचानक खाली जायचा आणि नवऱ्याच्या नडगीवर बसायचा. "कोण आडवं आलं?" तो डोळे न उघडता विचारायचा आणि कुशीवर वळायचा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मात्र एकदा तो पाय खाली टेकलेला होता. एक निवृत्त पोस्टमास्तर गाडी शिकत होते, बाई त्यांना आरशाबद्दल काहीतरी समजावत होत्या, आणि पाय जरा विसावला होता, एवढंच. एक सायकलवाला गल्लीतून बाहेर आला. फार नाही, त्याचं कोपर मोडलं. बाई तीन आठवडे त्याला बघायला जात होत्या आणि तो बिचारा त्यांनाच धीर देत होता, "बाई, डाव्या हाताचं आहे, चालतंय." त्यानंतर बाईंचा पाय कधी टेकला नाही. त्या ब्रेक लवकर दाबायच्या, जोरात दाबायच्या, आणि दाबल्यावर शिकणाऱ्याला ओरडायच्या नाहीत. "झालं. परत," म्हणायच्या. त्या दिवसाची नोंद कुठल्याच गाडीत नव्हती. तेव्हाच्या गाड्यांना बोलता येत नव्हतं, की चहाड्या करता येत नव्हत्या.

शाळा आता थोरल्यांच्या मुलाच्या हातात होती. त्याने वर्षापूर्वी सहाही गाड्या बदलल्या होत्या. नव्या गाड्या चोवीस तास नेटला जोडलेल्या. प्रत्येकीत फोनसारखं सिम, आणि प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा, प्रत्येक ब्रेक कुठल्यातरी दूरच्या कंपनीत जाऊन पडायचा. दुपारी बाई त्याच्या खोलीत गेल्या तेव्हा तो आधीच तयारीत बसलेला दिसला. मागच्या भिंतीवर गाड्यांच्या किल्ल्या अडकवायचे सहा हुक, समोर संगणकाचा पडदा, पडद्यावर सहा शिक्षकांची यादी. सगळ्यात वर गुरुजी, शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण. सगळ्यात खाली बाई, तेवीस. "बाई, मला माहीत नाही का तुम्ही कशा आहात ते," मालक म्हणाला. वडिलांच्या वेळेपासूनच्या माणसांशी तो असाच खाली बघून बोलायचा. "पण हे विमावाल्यांना दिसतं. आता शिकवण्याचा परवाना पुन्हा काढतानाही हे विचारायला लागलेत." बाई म्हणाल्या, "अरे, पण ब्रेक दाबणं हेच माझं काम आहे. आचाऱ्याला विचारशील का की दिवसातून इतक्या वेळा जाळ का पेटवतोस?" मालक हसला नाही. "गुरुजीही शिकवतातच ना," तो म्हणाला. आता गुरुजी शिकवतात म्हणजे काय, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. गुरुजी भल्या माणसासारखे बोलायचे, शर्टाला कडक इस्त्री असायची, आणि जुन्या गिरणीमागच्या रिकाम्या मैदानात ते शिकणाऱ्याला पंधराच्या वेगाने गोल गोल फिरवायचे. पहिल्या दिवशी मैदान, विसाव्या दिवशी मैदान. त्यांचे विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा बस जवळून बघायचे आणि नापास होऊन निम्मे पुन्हा बाईंकडे यायचे. रिकाम्या मैदानात ब्रेक कशाला लागतो? बाई हे सगळं बोलणार होत्या, तेवढ्यात मालकाने पडद्यावरचं दुसरं पान उघडलं. शहराचा नकाशा होता आणि त्यावर एक निळा ठिपका. "आणि बाई, हे जरा विचारायचं होतं. दर गुरुवारी दोन ते दोन वीस गाडी इथे उभी असते. पाण्याच्या टाकीमागे. तिथे काय असतं?"

बाईंचे कान गरम झाले. चोरी पकडल्यासारखे. आणि चोरी नसताना कान गरम झाले म्हणून त्या आणखी चिडल्या. पाण्याच्या टाकीमागे काही नव्हतं. एक भिंत, तिच्या कडेने उगवलेलं गवत, गंजलेला एक पाइप. गुरुवारी दोनचा विद्यार्थी कधीकाळी शिकून गेला होता आणि ती वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलीच नव्हती. त्या तिथे जायच्या, इंजिन बंद करायच्या, चपला काढायच्या आणि दोन्ही पाय खाली पसरून टेकवायच्या. आठवड्यातली तेवढी वीस मिनिटं कुणाचाही जीव त्यांच्या पायात नसायचा. कधी डुलकी लागायची, कधी गेलेल्या आईची आठवण यायची, बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. नवऱ्यालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं म्हणून. आणि ते आता एका निळ्या ठिपक्याने चव्हाट्यावर आणलं होतं. "तिथे काही नसतं," बाई म्हणाल्या. "मग थांबता कशाला?" मालकाने अगदी निरागसपणे विचारलं. "काही नसतं म्हणूनच थांबते," असं म्हणून त्या उठल्या. नंतरच्या गुरुवारी त्या टाकीमागे गेल्या नाहीत. दोन ते दोन वीस शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या, आणि पाय बोटभर वर उचललेलाच आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

रविवारी भाची आली. बहिणीची ही एकुलती एक मुलगी, मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आता गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहायची. बाईंनी चहाचा कप पुढ्यात ठेवायच्या आधीच विषय काढला. "तो पडद्यातला प्रकार तुमचाच ना गं?" भाचीचा चेहरा उजळला, घरातल्या कुणी तिच्या कामाबद्दल विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी. ती भरभरून सांगू लागली. "आमचा प्लॅटफॉर्म ओपन आहे, मावशी. म्हणजे त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, सुधारता येतो, त्यावर आपलं काही बांधता येतं. आधी प्रत्येक कंपनी आपापलं कुलूप लावून बसायची. आता सगळं खुलं." "कुणालाही म्हणजे कुणाला?" "गाडी बनवणाऱ्यांना, विमावाल्यांना, पार्किंगवाल्यांना, दुरुस्तीवाल्यांना..." "आणि मला?" "तुलाही. तांत्रिकदृष्ट्या." "तांत्रिकदृष्ट्या मी समुद्रही पोहून जाईन," बाई म्हणाल्या. "घराची दारं चारी बाजूंनी उघडी टाकलीत, चांगलं केलंत. पण आत जो बसलाय त्याला विचारलंत का, की बाबा, तू कपडे घातलेत का?" कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला हसू फुटलं. तो जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासायचा. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि म्हणूनच असेल, माणूस अतिशय सौम्य होता. भाचीने मुकाट्याने लॅपटॉप उघडला. मावशीच्या गाडीच्या नोंदी बघितल्या, मग मोजण्याचा नियम कुठे लिहिलाय ते शोधलं, आणि पडद्याच्या आणखी जवळ वाकली. "काय झालं?" "हे... हे मीच लिहिलंय." दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. इतक्या जोरापेक्षा जास्त जोरात ब्रेक म्हणजे चूक, अशी एक ओळ. आणि गाडीला ब्रेकची पेडलं दोन असतील तर, हा विचार त्या ओळीत कुठेच नव्हता. दोन पाय, पण दोघांची नोंद एकच. "शिकवायच्या गाड्या असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं." बाई तिच्याकडे बघत राहिल्या. अठराव्या वर्षी हीच पोर त्यांच्या शेजारी बसून शिकली होती. पहिल्याच दिवशी बाईंनी तिच्यासाठी सात वेळा ब्रेक दाबला होता. भाचीला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "मी दुरुस्त करते," ती म्हणाली. "दोन आठवडे दे. तुझ्यासाठी म्हणून नाही, सगळ्या शिकवणाऱ्यांसाठी करते." बाईंना त्या क्षणी तिचा अभिमान वाटला, आणि रात्रीच्या जेवणाला त्यांनी तिला आग्रहाने ठेवून घेतलं.

दोन आठवड्यांनी खरंच दुरुस्ती आली. सकाळी गाडी सुरू केली तर पडद्यावर 'शिकवणी' असं नवं बटण, आणि बटण दाबल्यावर तोच तुपाळ आवाज, "कृपया शिकणाऱ्याचा परवाना क्रमांक भरा." शिंपीणबाई एव्हाना दहाव्या धड्याला आल्या होत्या. दवाखान्यांसाठी चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवायचं त्यांचं काम होतं; माल पोचवणारा माणूस सोडून गेला तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपणच गाडी चालवायची. बाकी सगळं त्यांना जमत होतं, पण पाय ऐकायचा नाही. तीस वर्षं शिवणयंत्र चालवलेला पाय. घाबरल्या की तो अॅक्सिलरेटर शिवणयंत्रासारखा दामटायचा, आणि गाडी बाणासारखी सुटायची. मग बाईंचा ब्रेक. "आता मी तुमच्यासाठी दाबला की तो माझ्या नावावर पडणार नाही," बाईंनी समाधानाने सांगितलं. शिंपीणबाईंनी पर्समधून शिकाऊ परवाना काढता काढता विचारलं, "मग कुणाच्या पडणार?" बाईंचं बोट पडद्यापाशीच थांबलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. प्रशिक्षकाने दाबलेला ब्रेक ही शिकणाऱ्याची चूक समजली जाईल आणि त्याच्या क्रमांकावर कायम नोंदली जाईल. कायम. शिंपीणबाईंनी ते वाचलं नव्हतं, चष्मा पर्समध्ये होता. त्या परवाना पुढे धरून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी, विश्वासाने. "पुढे मी स्वतःची गाडी घेतली की हे दिसेल का हो त्यात?" बाईंनी परवाना त्यांच्या हातात परत दिला. म्हणाल्या, "ठेवा आत. आज हे चालत नाहीये." मग त्यांनी आपल्या पर्समधून स्वतःचा परवाना काढला आणि त्याचा क्रमांक शिकणाऱ्याच्या रकान्यात भरला. आवाज म्हणाला, "स्वागत आहे. शिकण्याच्या प्रवासासाठी शुभेच्छा."

त्या दुपारी त्यांनी भाचीला फोन लावला. कपाळावर घाम होता आणि आवाज चढलेला होता. शाळेच्या पायरीवरून जाणारे-येणारे वळून बघत होते. "हे काय करून ठेवलंस?" "मावशी, तुझे गुण सुधारले ना? मी बघितलं, एकावन्न..." "माझे गुण घाल चुलीत! तू माझ्या अंगावरचं उचललंस आणि त्या शिकणाऱ्यांच्या अंगावर टाकलंस." भाचीही वैतागली. "अगं, ब्रेक दाबला गेला म्हणजे तो कुणाच्या तरी चुकीमुळेच ना? कुणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो. सिस्टिमला नाव नसलेली गोष्ट ठेवताच येत नाही." बाई म्हणाल्या, "तू पहिल्या दिवशी सात वेळा गाडी घालणार होतीस. एकदा तर त्या फळवाल्याच्या गाड्यावर. ते सात कुठे आहेत सांग." "कुठे म्हणजे?" भाची म्हणाली. "कुठेच नाहीत. गाडीतल्या गाडीत विरले. मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. म्हणून तू दुसऱ्या दिवशी परत येऊन बसलीस. अगं, तुझे काका छापखान्यात दिवसभर चुका काढायचे. ते लाल शाईचे कागद कुणी पुस्तकात बांधून दिले का लेखकाला? फाडून टाकायचे. शिकताना झालेली चूक कुणाचीच नसते गं. ती कुणाची तरी करून ठेवलीत, तर माणसं शिकायची कशी? मैदानात गोल गोल फिरतील नुसती." "मावशी, मी एकटी ठरवत नाही..." "दोन वर्षांपूर्वी ती ओळ एकटीनेच लिहिली होतीस ना?" असं बोलून बाईंनी फोन ठेवला. इतकं तोडून त्या या पोरीशी कधी बोलल्या नव्हत्या. पायरीच्या कडेला एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून त्यांच्याकडे बघून पुन्हा झोपलं. आपण बरोबर आहोत याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि तरी भाचीचा नंबर त्यांनी पुन्हा एकदा काढला आणि तसाच ठेवून दिला.

त्यानंतर दीड महिना बाईंनी प्रत्येक धड्याला स्वतःचाच क्रमांक भरला. दिवसाला पाच जण, आणि नोंदीत पाचही जण म्हणजे बाईच. सकाळी आठला त्या शिवणयंत्र दामटायच्या, नऊला चौकात डावीऐवजी उजवीकडे वळायच्या, अकराला चढावर गाडी मागे सोडायच्या, दुपारी गिअर टाकताना खाली बघायच्या आणि संध्याकाळी सायकली दिसल्या की डोळेच मिटायच्या. शहरातल्या सगळ्या नवशिक्यांच्या चुका एका बाईच्या नावावर जमा होत होत्या. गुण एकावन्नवरून तीसवर आले, मग अकरा, मग चार. दर सोमवारी तो आवाज त्यांना आकडा ऐकवायचा आणि बाईंना त्यात एक विचित्र, कडू सुख वाटायचं. शिंपीणबाई पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाल्या. त्यांच्या परवान्यापुढे सगळं कोरं. चादरींचे गठ्ठे मागे रचून त्या एकदा शाळेसमोरून गेल्या आणि त्यांनी इतका लांब हॉर्न वाजवला की मालक खिडकीत आला. पण मालकाच्या हातात तेव्हा कंपनीचं पत्र होतं. विसाच्या खाली गेलेल्या चालकाने नव्वदच्या वर गुण असलेल्या शिक्षकाकडून दहा धडे घ्यावेत. महिनाअखेरपर्यंत न घेतल्यास त्याला शाळेच्या गाडीत बसू देऊ नये. "बाई, नियम आहे. तुम्ही नुसत्या बसा हो दहा दिवस. नव्वदच्या वर आपल्याकडे गुरुजीच आहेत," मालक खाली बघून म्हणाला. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी कळलं. त्यांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो हसणार नाही याची काळजी घेत म्हणाला, "जाऊ नकोस. सोडून दे नोकरी." "का सोडू?" बाई कडाडल्या. "मी काय केलंय?" त्याच संध्याकाळी भाचीचा मेसेज आला. तिने त्या 'शिकवणी'विरुद्ध आपल्या नावानिशी लेखी हरकत घेतली होती, जिथे सगळ्या कंपन्यांचे लोक वाचू शकतात अशा जागी. आणि तिच्याखाली कुठकुठल्या शहरांतल्या साठ-सत्तर गाडी शिकवणाऱ्यांनी लिहिलं होतं, की आम्हीही आमचेच क्रमांक भरतो आहोत. 'कंपनी ऐकेल की नाही माहीत नाही. मला झापलंय. तू रागावू नकोस,' असं शेवटी होतं. बाईंनी तो मेसेज तीनदा वाचला. साठ-सत्तर पाय. उत्तरात त्यांनी 'जेवलीस का' एवढंच लिहिलं.

सोमवारी सकाळी त्या गुरुजींच्या गाडीत बसल्या. चाकामागे बाई, शेजारी गुरुजी. गुरुजी इतके संकोचले होते की सीटबेल्ट त्यांच्या हातातून दोनदा सुटला. "तुम्हाला मी काय शिकवणार," ते म्हणाले. "आपण आपले दोन-चार गोल मारू." बाईंनी दीड गोल मारला. गिरणीची पडकी भिंत, मैदानातली ती चाकांनी घासून गुळगुळीत झालेली वाट, पंधराचा वेग. पुन्हा तीच भिंत. बावीस वर्षं बोटभर वर धरलेला पाय डोळ्यांपुढे आला, त्या सायकलवाल्याचं कोपर आलं, मालकाने दाखवलेला निळा ठिपका आला. आणि या गोल गोल फिरण्याला चौऱ्याण्णव गुण. बाईंनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी मैदानाच्या फाटकातून सरळ रस्त्यावर काढली. "बाई," गुरुजी म्हणाले. मग आणखी हळू, "बाई, नको." दुकानं उघडत होती, बस थांब्यावर माणसं दाटली होती. पुढे डाव्या हाताला एक रंगारी दुकानाची पाटी रंगवत होता. तो शिडीवरून उतरला आणि अक्षरं लांबून कशी दिसतात ते बघायला मान वर करून मागे मागे सरकू लागला. त्याची टाच फुटपाथच्या कडेवर आली. बाईंना ती दिसली. गुरुजींनाही दिसली असणार. आता दाबायचा होता तो त्यांच्या पायाखालचा ब्रेक, ते त्यांचं काम होतं, बघू दे तरी चौऱ्याण्णव गुणांचा पाय कसा असतो. हा विचार अर्धा सेकंद टिकला. टाच रस्त्यावर आली, शेजारून काहीच झालं नाही, आणि बाईंनी सगळा जोर काढून आपला ब्रेक दाबला. टायर किंचाळले. गाडी रंगाऱ्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबली. त्याने वळूनही पाहिलं नाही. तो पाटीकडेच बघत होता, आणि मग एक अक्षर तिरकं आलंय असं वाटून पुन्हा शिडीकडे गेला.

बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. रागापायी आपण एका अनोळखी माणसाची पाठ पणाला लावली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि त्या लाजेचाही राग होऊन तो शेजारच्या माणसावर उसळला. "तुम्ही दाबला का नाहीत?" गुरुजींचा कडक इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते आपल्या उजव्या पायाकडे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "उठत नाही," ते म्हणाले. "काय उठत नाही?" "पाय. दहा वर्षं झाली. एकदा दाबायला उशीर झाला होता. मुलगी वाचली, म्हणजे चालते आता, काठी घेऊन. तेव्हापासून आयत्या वेळी उठतच नाही. म्हणून मी मैदान सोडत नाही, बाई. कुणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. रोज वाटायचं, आज कुणाच्या तरी लक्षात येईल, आज काढून टाकतील." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मग या गाड्या आल्या. पहिल्याच महिन्यात चौऱ्याण्णव गुण दिले त्यांनी मला. मला वाटलं, मी बरा झालो."

बाहेर बसवाला थांब्यावरच्या लोकांवर ओरडत होता, कुणीतरी शटर वर ढकलत होतं. वर्षभर ज्या माणसाच्या नावाने त्यांनी मनातल्या मनात बोटं मोडली होती, तो इथे रुमाल घडी करत बसला होता, आणि त्याच्यावरचा राग कुठे गेला ते त्यांना कळेना. राग गेला नव्हता. तो फक्त त्याच्यावरून उठला होता आणि छातीत मावत नव्हता. या माणसाचं मोडलेलं कुणी बघितलं नाही. त्याला वर बसवलं, यादीत पहिला नंबर दिला, त्याच्या भीतीला शाबासकी दिली, आणि अजून कितीतरी वर्षं तो असाच शिकवत राहिला असता. महिनाअखेर मालकाने काय करायचं ते करावं, त्यांनी ठरवलं. हे दहा धडे काही पुरे व्हायचे नाहीत. त्या खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून पलीकडे आल्या आणि गुरुजींच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा. चाकावर बसा."

"मी?"

"तुम्हीच. मी इकडे बसते."

गुरुजी उतरले. रस्त्याच्या कडेला क्षणभर ते दोघं समोरासमोर उभे राहिले, दोन वयस्क माणसं, आणि मागून येणारा कुणीतरी हॉर्न वाजवत निघून गेला. मग ते चाकामागे जाऊन बसले, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. आरसा त्यांनी अगदी बरोबर लावला. बाईंनी पट्टा बांधला.

"कुठे घेऊ?" गुरुजींनी विचारलं.

"माणसं असतील तिकडे," बाई म्हणाल्या.